पोहणं नंतर, हौदाचं झाकण आधी

उन्हाळा लागला की धाराशिव, तुळजापूर, उमरग्याकडच्या घरांत हा प्रश्न निघतोच. बाळ मान धरायला लागलंय, बसायला लागलंय, मग पाण्यात कधी न्यायचं? पुण्याहून सुट्टीला आलेल्या लेकीने तिकडे तान्ह्या बाळांचे पोहण्याचे वर्ग पाहिलेले असतात. आजोबांना मात्र आपले दिवस आठवतात: कमरेला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा, काकाने विहिरीत ढकलायचं आणि चार घोट पाणी पिऊन झालं की हातपाय आपोआप चालायला लागायचे. पण आजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे होते, सात-आठ महिन्यांचे नव्हते. सगळा फरक तिथेच आहे.

तान्ह्या बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पसारा मोठा असतो, त्यामुळे त्याचं अंग फार लवकर थंड पडतं. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब कितीतरी वेगाने ओढून घेतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा म्हणूनच सांगते की सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाणी साधारण ३२ अंश हवं. लसीकरण पूर्ण होईपर्यंत थांबायला ती सांगत नाही. अडचण पाण्याच्या उबेची आहे. मे महिन्यात धाराशिवात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हाही खोल विहिरीचं पाणी गारच लागतं. मोठ्यांना त्या गारव्याने बरं वाटतं, बाळाचे ओठ मात्र निळे पडू लागतात. ओठ निळसर दिसले किंवा अंग थरथरलं की लगेच बाहेर काढून, कोरडं करून छातीशी धरावं. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे, आणि वर्षाच्या आत कधीही अर्ध्या तासाच्या वर नको.

पाण्याखाली गेलं की तान्हं बाळ क्षणभर श्वास रोखतं. त्याचे व्हिडिओ पाहून पुष्कळांना वाटतं की बाळाला पोहणं उपजतच येतं. ती एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे, काही महिन्यांत ओसरते, आणि ती असतानाही बाळ पाणी गिळतंच. पाणी जास्त गिळलं गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. तलावाच्या पाण्यातून हगवणही होते. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी तर नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही कित्येक दिवस तग धरतो. त्यामुळे बाळाला जुलाब होत असतील तर तलाव बंद, दुसऱ्यांच्या लेकरांसाठीसुद्धा. गळ्यात अडकवायच्या फुगवलेल्या रिंगा सरळ टाळाव्यात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारा दिला, तो एका बाळाचा जीव गेल्यानंतर.

मग नेमकं कधी? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आपली भूमिका मांडली, ती मला पटते. वर्षाच्या आत पोहण्याचे धडे दिल्याने बुडण्याचा धोका कमी होतो, याला पुरावा नाही. त्या वयात आईबापाच्या हातात राहून पाण्यात खेळावं, एवढंच. वर्षानंतर बहुतेक मुलांना शिकवण्याचा उपयोग होऊ शकतो, चौथ्या वर्षापर्यंत बहुतेकांची तयारी होते. शिकलेलं मूलही बुडू शकतं, म्हणून मोठं माणूस हात पोहोचेल इतक्या अंतरावर हवंच.

आपल्या जिल्ह्यात याहून महत्त्वाचं काहीतरी आहे. इथे लेकराची पाण्याशी पहिली गाठ तलावात पडतच नाही. नळाला रोज पाणी नाही, म्हणून अंगणात हौद, न्हाणीत टिपाड, दाराशी भरलेल्या बादल्या असतात. रांगणारं मूल बादलीवर वाकतं, डोकं जड असल्याने तोल जातो आणि बाहेर यायला हातांत जोर नसतो. वीतभर पाणीही त्याला पुरतं. ते ओरडत नाही, धडपडत नाही, म्हणून शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यांतला जवळपास पाव भाग पाच वर्षांच्या आतल्या लेकरांचा होता.

शेतावर गेलं की शेततळं. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर ती गावोगाव झाली, आणि दुष्काळात त्यांनी बागा तारल्या हेही खरं. पण तीस बाय तीस मीटरच्या तळ्याची खोली तीन मीटर असते, आणि आत अंथरलेल्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं की काठ असा निसरडा होतो की पोहणारा बापही वर येऊ शकत नाही. विहिरीला पायऱ्या असतात, इथे धरायला काहीच नसतं. तळ्याभोवती कुंपण, चारही बाजूंनी आत सोडलेले गाठींचे दोर आणि काठाला टांगलेली हवा भरलेली ट्यूब एवढं तरी प्रत्येक शेततळ्यावर असलंच पाहिजे. अस्तराला खर्च होतो, मग दोरालाही व्हावा.

बाळ पाण्यात सापडलंच तर आपल्याकडे त्याला उलटं धरतात, पोट दाबतात. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर बाळाला पाठीवर निजवून, त्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाकून हलके श्वास द्यायचे, मग छातीच्या मध्यावर दोन्ही अंगठ्यांनी दाब द्यायचा आणि हे आलटून पालटून चालू ठेवायचं. तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. हे वाचून येत नाही, कुणाकडून तरी करून पाहावं लागतं. दीड महिन्याच्या लसीला बाळाला आरोग्य केंद्रात नेताच आहात, तर तिथल्या डॉक्टरांना किंवा नर्सताईंना हे करून दाखवायला सांगा, आणि आजीलाही सोबत न्या, कारण दुपारी बाळ तिच्याजवळच असतं.