दात वाकडे, त्रास नेमका कुठे?

पस्तिशी-चाळिशीत तारा लावून घ्यायला येणाऱ्या माणसाचा दात सहसा दुखत नसतो. वाकडे का असेनात, त्याच दातांनी त्याने इतकी वर्षं भाकरी चावली, ऊस सोलला. मग आत्ताच काय झालं, असं विचारलं की गाडी फोटोवर येते. लग्नाच्या अल्बममध्ये मिटलेले ओठ, मोठ्याने हसू फुटलं की तोंडावर गेलेला हात, आणि आता व्हिडिओ मीटिंगमध्ये तासभर समोर दिसणारा स्वतःचाच चेहरा. एक्स-रेत यातलं काहीच उमटत नाही.

मग ते मोजायचं कसं? दंतवैद्यकात यासाठी प्रश्नावल्या आहेत. त्यातली सगळ्यात चालती म्हणजे 'ओएचआयपी-१४'. ऑस्ट्रेलियात स्लेड आणि स्पेन्सर यांनी १९९४ मध्ये ४९ प्रश्नांची मूळ प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि १९९७ मध्ये स्लेड यांनी ती १४ प्रश्नांवर आणली. बोलताना शब्द अडतात का, खाताना अवघडतं का, जेवण मध्येच थांबवावं लागतं का, संकोच वाटतो का, लाज वाटते का, लोकांवर चिडचिड होते का, असे साधे प्रश्न. 'कधीच नाही'ला ०, 'फार वेळा'ला ४. एकूण गुण ० ते ५६; जितके जास्त तितका त्रास मोठा. तारा लावायला आलेल्या प्रौढांचे गुण बहुतेक वेळा चावण्या-बोलण्याच्या प्रश्नांपेक्षा संकोच आणि लाजेच्या प्रश्नांवर चढतात.

डॉक्टरांची मोजपट्टी वेगळी असते. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या एका पद्धतीत उपचाराच्या गरजेच्या ५ पायऱ्या आहेत. वरचे पुढचे दात खालच्या दातांपेक्षा किती मिलिमीटर पुढे आहेत, हे छोट्या पट्टीने पाहतात; ९ मिमीपेक्षा जास्त असेल तर थेट पाचवी पायरी. गंमत म्हणजे या दोन मापांचा मेळ बसेलच असं नाही. पाचव्या पायरीवरचा एखादा खदखदून हसतो, आणि दुसऱ्या पायरीवरची एखादी बाई एका किंचित फिरलेल्या दातापायी आयुष्यभर गालात हसते. डॉक्टरांनी दोन्ही मापं घ्यावीत, नुसती पट्टी पुरत नाही.

शरीराचा त्रास असतोच. दाटीवाटीच्या दातांत ब्रश पोचत नाही, कीट साठते, हिरड्यांतून रक्त येतं. काहींचे खालचे दात टाळूला टोचतात. काहींचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, त्यांना शेवयासुद्धा जिभेने तोडाव्या लागतात. प्रौढांत आणखी एक प्रकार दिसतो: हिरड्यांच्या आजाराने हाड झिजतं आणि कालपर्यंत सरळ असलेले दात पंख्यासारखे पसरतात. अशा वेळी आधी हिरड्या, मग तारा. जबड्याच्या सांध्याचं दुखणं तारांनी हमखास जाईल असं कुणी सांगितलं, तर मात्र दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

दात हलतो तो हाडामुळे. मूळ आणि हाड यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा थर असतो. तार ज्या बाजूला ढकलते तिथलं हाड विरघळतं, मागे राहिलेल्या बाजूला नवं भरतं. वेग साधारण महिन्याला १ मिमी. म्हणून दीड-दोन वर्षं लागतात. प्रौढाचा जबडा आता वाढणार नसतो, त्यामुळे दोष जबड्याच्या हाडातच असेल तर कधीकधी शस्त्रक्रिया जोडावी लागते.

उपचार सुरू झाल्यावर प्रश्नावलीचे गुण आधी बिघडतात, हे फारसं कुणी सांगत नाही. तार घट्ट केल्यावर पहिला दिवस-दीड दिवस ठणका जास्त, मग आठवडाभरात ओसरतो. गालाला आतून तार घासते, तिथे मेण लावतात. चिवडा-चिक्की बंद. हे महिने सरले की गुण सुधारतात, आणि उपचार संपल्यावर ते सहसा सुरुवातीपेक्षा चांगले असतात.

तारा निघाल्या तरी दात जुन्या जागेकडे सरकू पाहतात, म्हणून रिटेनर लावावा लागतो, निदान रात्री तरी, आणि तोही वर्षानुवर्षं. खर्च विचाराल तेव्हा रिटेनरचा आणि तो हरवला तर नव्याचा खर्चही विचारून घ्या.