उन्हाळी संशोधनाचा अर्ज दिवाळीतच का भरायचा?

मेच्या सुट्टीत एखाद्या मोठ्या संशोधन संस्थेत काम करायचे आहे, तर तयारी कधी सुरू करायची? बहुतेक विद्यार्थी उत्तर देतात, मार्चमध्ये. प्रत्यक्षात मार्च उजाडेपर्यंत निम्म्याहून अधिक दारे बंद झालेली असतात. देशातील सर्वांत जुन्या आणि सर्वांत मोठ्या उन्हाळी फेलोशिपपैकी एक तीन विज्ञान अकादमी मिळून चालवतात. बंगळुरूची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स ॲकॅडमी आणि प्रयागराजची नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेस या त्या तीन संस्था. तिचे अर्ज दिवाळीच्या आगेमागेच मागवले जातात. जर्मनीच्या 'डाड'ची 'वाइज' शिष्यवृत्ती साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होते. कॅनडाच्या 'मायटॅक्स ग्लोबलिंक'ची मुदत त्याही आधी, सप्टेंबरच्या सुमारास संपते.

रावेत, निगडी, आकुर्डी, ताथवडे या पट्ट्यात अभियांत्रिकीची महाविद्यालये हाकेच्या अंतरावर आहेत. इथल्या मुलांना चाकणच्या कंपनीत इनप्लांट ट्रेनिंग कसे मिळवायचे, हे सीनियर सांगतात. ओळखीचे काका, शेजारचे दादा कुठल्या ना कुठल्या प्लांटमध्ये असतातच. संशोधनाच्या फेलोशिपबद्दल सांगणारा काका मात्र क्वचितच सापडतो. ही माहिती गुपित नसते, सगळी उघड्यावरच असते. ती योग्य महिन्यात कुणी कानावर घालत नाही, इतकेच.

नेमके मिळते काय?

साधारण आठ आठवडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, महिन्याला काही हजार रुपयांचे विद्यावेतन, बऱ्याच ठिकाणी वसतिगृहाची सोय आणि काही योजनांत रेल्वेचे भाडे. रक्कम दरवर्षी बदलू शकते, त्यामुळे सीनियरने सांगितलेला आकडा धरून बसू नका, चालू वर्षाची जाहिरात वाचा.

अमेरिकेतील विद्यापीठांत ही पद्धत वेगळी आहे. एमआयटीने १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला, कॅलटेकने १९७९ मध्ये. तिथे विद्यार्थी स्वतःचा प्रस्ताव लिहितो, मार्गदर्शक शोधतो आणि विद्यापीठ त्याला अनुदान देते. आपल्याकडे विद्यार्थी बहुधा मार्गदर्शकाच्या चालू प्रकल्पात सामील होतो. म्हणून आपल्या अर्जात खर्चाचा तक्ता क्वचितच मागतात, पण 'तुम्हाला काय शोधायचे आहे' हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच असतो. आपली मुले अडकतात तीही इथेच.

एक गैरसमज इथेच दूर करू. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा 'आरईयू' हा उन्हाळी कार्यक्रम नेटवर शोधताना सर्वांत वर दिसतो. त्याचे पैसे फक्त अमेरिकेचे नागरिक आणि तिथले कायम रहिवासी यांनाच मिळतात. त्याचे अर्ज भरण्यात आठवडे घालवू नका.

घराजवळ काय आहे?

रावेतच्या मुलांचे एक भाग्य त्यांना स्वतःला फारसे जाणवत नाही. देशभरातील विद्यार्थी ज्या संस्थांसाठी पुण्यात खोली शोधत येतात, त्या त्यांना घरून ये-जा करण्याइतक्या जवळ आहेत. महामार्गाने बाणेरकडे उतरले की पाषाण भागात आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. आकुर्डी स्थानकावरून लोकलने शिवाजीनगर आणि तिथून बसने विद्यापीठ गाठले, की त्याच परिसरात आयुका आणि एनसीआरए. खोलीभाडे आणि मेस वाचले, की विद्यावेतनातले बरेच पैसे हाती राहतात. घरी 'दोन महिने फुकट कशाला घालवतोस' असे विचारणाऱ्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

आयुकाचा सुट्टीतील विद्यार्थी कार्यक्रम आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हे दोन्ही भौतिकशास्त्र-खगोलशास्त्राकडे ओढा असलेल्यांसाठी. एनसीआरए ही टाटा संस्थेचीच शाखा, आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण तीच चालवते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली ही दुर्बीण म्हणजे फक्त खगोलशास्त्र नव्हे. तिथे रिसीव्हर आहेत, सिग्नल प्रोसेसिंग आहे, सर्व्हो मोटारी आहेत. इलेक्ट्रॉनिक्सचा किंवा मेकॅनिकलचा विद्यार्थी 'आपला काय संबंध' म्हणून ती जाहिरात उघडतच नाही, ही खरी खंत आहे.

मूलभूत विज्ञानाच्या, म्हणजे बीएस्सीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'एनआययूएस' हा वेगळा मार्ग आहे. 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती असेल, तर वर्षाच्या ८० हजारांपैकी २० हजार रुपये उन्हाळी प्रकल्पासाठीच राखलेले असतात. अभियांत्रिकीवाल्यांना मात्र ती नाही. त्यांच्यासाठी आयआयटींचे दरवाजे आहेत. कानपूर, गांधीनगर, मद्रास, हैदराबाद या ठिकाणी उन्हाळी योजना चालतात. प्रत्येकाची पात्रता वेगळी आहे आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाला प्रवेश नसतो.

अर्जातला तो एक परिच्छेद

गुणपत्रिका सगळेच जोडतात. निवड करणाऱ्याला फरक दिसतो तो 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' नावाच्या छोट्याशा मजकुरात. 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे' या वाक्याने सुरू होणारे अर्ज इतके येतात, की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जाते. हल्ली त्यात एआयकडून लिहून घेतलेल्या मजकुराची भर पडली आहे. भाषा चकचकीत असते, पण वेगवेगळ्या गावांच्या दहा मुलांचे अर्ज एकसारखेच दिसतात.

मग लिहायचे काय? रावेतचेच उदाहरण घेऊ. पिंपरी-चिंचवडला नळाने येणारे बहुतेक पाणी पवना नदीतून रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलले जाते आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होते. सिव्हिलच्या किंवा पर्यावरणाच्या एखाद्या विद्यार्थिनीला यावर काम करायचे आहे. 'पवना नदीचे प्रदूषण : एक अभ्यास' असे ती लिहील, तर तो विषय झाला, पण प्रश्न अजून सापडलेला नाही. नदी मोठी, प्रदूषण मोठे, आणि हाती आठवडे आठ.

त्याऐवजी तिने असे लिहिले तर? 'बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूत किती फरक पडतो, आणि तो पहाटे व दुपारी बदलतो का? आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन ठिकाणी नमुने घेईन.' यात जागा आहे, मोजमाप आहे, वेळ आहे. पहाट-दुपारचा मुद्दा उगाच घातलेला नाही. शेवाळ उजेडात प्राणवायू सोडते आणि रात्री सगळेच जीव तो वापरतात. त्यामुळे फक्त दुपारी मोजलेला आकडा नदीला आहे त्याहून निरोगी दाखवू शकतो. हे एक वाक्य अर्जात आले, की वाचणाऱ्याला कळते, या मुलीने विचार केला आहे.

आणखी एक गोष्ट तपासायची. मेच्या मध्यावर सुरू झालेले आठ आठवडे जुलैत संपतात, आणि पुण्यात पाऊस साधारण १० जूनच्या आसपास येतो. म्हणजे निम्मे नमुने उन्हाळ्यातल्या मंद नदीचे आणि निम्मे पावसातल्या फुगलेल्या नदीचे असतील. याचा उल्लेखच नसेल तर योजना कोसळते. 'पाऊस सुरू होण्याआधीचे चार आठवडे आणि नंतरचे चार आठवडे वेगळे मांडेन' असे लिहिले तर तीच अडचण अभ्यासाचा भाग होते. चाचण्यांचा वेळही धरावा लागतो. जैविक ऑक्सिजन मागणी म्हणजे बीओडीचा आकडा त्याच दिवशी मिळत नाही. आपल्याकडे रूढ पद्धतीत नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवावा लागतो. शुक्रवारी नमुना घेतला तर सोमवारी प्रयोगशाळा उघडी हवी.

तिला निवडणारा मार्गदर्शक कदाचित नदीवर काम करतच नसेल, तो पडद्यांतून पाणी गाळण्यावर काम करत असेल. तरी चालते. आठ आठवड्यांत काय बसते आणि काय बसत नाही हे तिला कळते, एवढे त्याला पुरते.

मेल, शिफारसपत्र आणि परीक्षा

अनेक संस्थांत, विशेषतः आयसरसारख्या ठिकाणी, प्राध्यापकांना थेट मेल करून विचारणे हा रूढ मार्ग आहे. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड इन युवर रिसर्च' हा एकच मेल चाळीस जणांना एकदम पाठवू नका. बाईंनाही त्यात 'सर' म्हटलेले असते. पाच प्राध्यापक निवडा, प्रत्येकाचा एकेक अलीकडचा शोधनिबंध निदान सारांश आणि आकृत्यांपर्यंत वाचा, आणि त्यातले काय समजले व काय नाही, हे दोन ओळींत लिहा. न समजलेले कबूल केल्याने अर्ज कमकुवत होत नाही. उत्तर नाही आले तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. त्यापुढे नाही.

शिफारसपत्राचा घोळ बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी होतो. सत्तर जणांच्या वर्गातला कोपऱ्यातला मुलगा शिक्षकांना नावाने आठवेलच असे नाही. त्यांच्याकडे जाताना एक पान घेऊन जा : कुठला प्रकल्प केला, त्यात तुमचा भाग कोणता, काय बिघडले आणि कसे दुरुस्त केले. मुदतीच्या तीन आठवडे आधी मागा. ऑनलाइन शिफारशीची लिंक अनेकदा शिक्षकांच्या मेलवर थेट जाते आणि स्पॅममध्ये पडून राहते. 'मॅडम, मेल आली का' हे विचारायला संकोच नको.

दाखवायला काहीच नसेल, तर सुरुवात 'आविष्कार'पासून करावी. राज्यातील विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून होते आणि पदवीचे विद्यार्थीही तीत भाग घेतात. बक्षीस मिळाले नाही तरी स्वतःचा प्रश्न, स्वतःचे आकडे आणि परीक्षकांनी काढलेल्या चुका हाताशी येतात. त्यातूनच पुढचा अर्ज लिहिता येतो.

सर्वांत मोठी अडचण मात्र अर्जात नाही, वेळापत्रकात आहे. संलग्न महाविद्यालयांच्या सत्र परीक्षा मे-जूनमध्ये रेंगाळतात, आणि फेलोशिप मेमध्ये सुरू होते. निवड होऊनही केवळ यासाठी पत्र परत पाठवावे लागणे, यासारखी चुटपुट नाही. यावर पक्का उपाय विद्यापीठांच्याच हातात आहे, परीक्षेच्या तारखा वेळेत जाहीर करणे. तोवर विद्यार्थ्याने करायचे ते एवढेच : निवडीचे पत्र आल्याबरोबर मार्गदर्शकाला संभाव्य तारखा कळवायच्या आणि रुजू होण्याचा दिवस पुढे सरकवता येईल का ते विचारायचे. आधी विचारले तर अनेक जण मान्य करतात, रुजू व्हायच्या आदल्या दिवशी कळवले तर करत नाहीत. महाविद्यालयाचे ना-हरकत पत्रही त्याच आठवड्यात मागून ठेवा. प्राचार्यांची सही सुट्टीत मिळत नाही.

पैसे मागणाऱ्यांचे काय?

काही ठिकाणी किरकोळ अर्ज शुल्क असते, ते ठीक. पण 'रिसर्च इंटर्नशिप'च्या नावाखाली हजारो रुपये घेऊन चार आठवड्यांत प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती व्हॉट्सॲपवर फिरत असतात. साधी खूण अशी की, मार्गदर्शकाचे नाव नाही, प्रयोगशाळेचा पत्ता नाही आणि निवड दोन तासांत झाली, तर ते दुकान आहे. त्यापेक्षा चाकणच्या प्लांटमधले साधे ट्रेनिंग शंभर पटींनी बरे. संशोधन प्रत्येकाने करावेच असेही नाही. शॉप फ्लोअरवर रिजेक्शन का वाढले हे दोन महिने शोधणारा मुलगाही नोंदी ठेवायला आणि कारण तपासायलाच शिकत असतो.

जर्मनी किंवा कॅनडाचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट. 'वाइज'साठी तिथल्या प्राध्यापकाचे निमंत्रणपत्र अर्जाआधी हाती लागते, म्हणजे मेल जुलै-ऑगस्टमध्येच सुरू करावे लागतात. आणि पासपोर्ट नसेल तर त्याचा अर्ज त्याच्याही आधी करावा, कारण पोलीस पडताळणीच्या वेळी मुलगा वसतिगृहात आणि पत्ता घरचा, अशी गंमत हमखास होते.