‘हरकत नाही’ : घराच्या बाह्य फेरफारांचा अर्जव्यवहार आणि त्याची भाषा

सज्ज्याला लोखंडी जाळी बसवावयाची असो, पश्चिमेच्या उन्हासाठी खिडकीवर पत्रा उतरता घालावयाचा असो, की सज्जा काचेने बंद करून त्याची खोली करावयाची असो, सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदास प्रथम अर्ज करावा लागतो. हा अर्ज बहुधा एका पानाचा असतो. तथापि त्या एका पानावर संस्थेचे उपविधी, नगररचनेचा कायदा आणि कचेरीतील जुनी रूढ भाषा अशा तीन प्रवाहांचे शब्द एकत्र आलेले असतात, आणि त्यांचे अर्थ नेमके ध्यानात न घेतल्यामुळे शेजाऱ्याशेजाऱ्यांत वर्षानुवर्षे तंटे चालू राहतात. प्रस्तुत लेखात कोपरगावसारख्या नगरपरिषदेच्या गावातील व्यवहार डोळ्यांपुढे ठेवून या अर्जाच्या मार्गाचा व त्यातील काही शब्दांचा विचार केला आहे.

गोदाकाठच्या या तालुक्यात ‘सहकारी’ म्हटले की साखर कारखाना आठवावा, हे स्वाभाविकच होय. १९५० साली स्थापन झालेला प्रवरानगरचा कारखाना याच जिल्ह्यातला. परंतु कारखान्याचा सभासद आणि गृहनिर्माण संस्थेचा सभासद यांच्या स्थितीत महत्त्वाचा भेद आहे. कारखान्याच्या सभासदाचे शेत त्याचे स्वतःचेच राहते आणि बांधावर कुंपण कसे घालावे हे त्याला कारखाना सांगत नाही. गृहनिर्माण संस्थेत मात्र जी वस्तू ‘माझी’ म्हणावयाची तिचीच एक बाजू सर्वांची असते. भिंतीचा आतला गिलावा सभासदाचा आणि बाहेरचा संस्थेचा, असे काहीसे विलक्षण स्वामित्व येथे उत्पन्न होते.

हे स्वामित्व सर्वत्र सारखे नसते. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, तेव्हापासून या चळवळीचा बराच विस्तार झाला. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम व त्याखालील १९६१ चे नियम यांत अशा संस्थांचे प्रकार पाडलेले आहेत. भाडेकरू-मालकी प्रकारच्या संस्थेत जमीन संस्थेकडे असते व घर सभासद बांधतो. भाडेकरू-सहभागीदारी प्रकारात जमीन व इमारत दोन्ही संस्थेची असतात आणि सभासदास सदनिकेच्या उपभोगाचा अधिकार असतो. बंगल्यांच्या वसाहतीतील सभासदाने आपल्या घराला कोणता रंग द्यावा, हा प्रश्न म्हणूनच पहिल्या प्रकारात फारसा बिकट होत नाही. तीन-चार मजली इमारतीत तोच प्रश्न सामायिक भिंतीचा होतो. याखेरीज १९७० च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालील इमारती निराळ्याच. तेथे उपविधींबरोबर घोषणापत्र पाहावे लागते, आणि इमारतीच्या मजबुतीस किंवा सुरक्षिततेस बाध येईल असे काम इतर सर्व मालकांच्या संमतीवाचून करता येत नाही. आपले घर यांपैकी कोणत्या वर्गात मोडते हे ठाऊक नसताना लिहिलेला अर्ज पुष्कळदा चुकीच्या दारी जातो.

आदर्श उपविधींची व्यवस्था थोडक्यात अशी आहे. व्यवस्थापक समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सभासदाने आपल्या सदनिकेत भर घालू नये किंवा फेरफार करू नये. त्यासाठी आवश्यक तपशिलासह सचिवाकडे अर्ज करावा. सचिवाने तो तपासून समितीपुढे ठेवावा. समितीने निर्णय घ्यावा व तो अर्जदारास कळवावा. आणि नकार असेल तर त्याची कारणे द्यावीत. बाह्य भिंतींची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करावयाची असते, ही गोष्ट या संदर्भात विसरता कामा नये. भिंतीला भोके पाडून जाळी बसवली आणि तेथून ओल झिरपली, तर त्या ओलीचा खर्च तळमजल्यावरील विधवेच्या वर्गणीतूनही जातो. परवानगीचा अधिकार समितीकडे का, याचे उत्तर समितीच्या थोरवीत शोधण्याऐवजी या खर्चाच्या वाटणीत शोधावे.

येथे ‘पूर्वपरवानगी’ हा शब्द क्षणभर थांबून पाहण्याजोगा आहे. संस्कृत ‘पूर्व’ आणि फारसी ‘परवानगी’ यांचा हा जोड आहे. परवानगी ही कृतीच्या आधीच घ्यावयाची असते. मग ‘पूर्व’ कशाला, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर कचेरीच्याच दुसऱ्या एका शब्दात आहे : ‘कार्योत्तर मंजुरी’. आधी करावे आणि मग मान्य करून घ्यावे, ही रीत इतकी रुळली की कायद्याच्या भाषेला जे शब्दाच्या पोटात होते ते बाहेर काढून लिहावे लागले. ‘मंजूर’ या शब्दाचे मूळ अरबीत असून ‘पाहिलेले’ हा त्याचा धात्वर्थ आहे. समितीने जागेवर जाऊन न पाहताच अनेक कामे मंजूर होतात, हा त्या धात्वर्थाचा थोडा उपहासच म्हणावयाचा.

याहून अधिक घोटाळा ‘हरकत’ या शब्दाने केला आहे. अरबीत त्याचा अर्थ हालचाल. हिंदीत तो कृती, बरेचदा वावगी कृती, या अर्थाने वापरला जातो. मराठीत तो अडथळा किंवा आक्षेप झाला. संस्था ‘ना हरकत दाखला’ देते तेव्हा ती एवढेच म्हणते की आपला आक्षेप नाही. तो काही बांधकामाचा अधिकार नव्हे. सभासद मात्र तो कागद परवाना म्हणून वाचतो आणि गवंड्याला बोलावतो.

वस्तुतः दुसरी पायरी नगरपरिषदेची आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ अन्वये विकासकामास परवानगी लागते. परंतु केवळ आतील भागावर परिणाम करणारी, किंवा इमारतीच्या बाह्य स्वरूपात भरीव फरक न पाडणारी, देखभालीची व सुधारणेची कामे त्यातून वगळलेली आहेत. सगळा प्रश्न ‘भरीव’ या एका विशेषणावर येऊन ठेपतो. रंग बदलणे भरीव नव्हे, हे बहुतेक मान्य करतील. सज्जा भिंतीने बंद करून खोली करणे भरीव आहे, हेही उघड आहे. पत्र्याचे छप्पर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने राज्यातील बहुतेक नगरपरिषदांना एकच नियम लावले. तरी विशेषणाचा अर्थ ठरवण्याचे काम शेवटी माणसालाच करावे लागते. संस्थेची परवानगी नगरपरिषदेला बांधत नाही आणि नगरपरिषदेची परवानगी संस्थेला बांधत नाही. दोन्ही स्वतंत्र आहेत.

आता दोन अर्जांची कल्पना करावी. पहिल्यात लिहिले आहे : ‘माझ्या सज्ज्यास जाळी बसवण्यास मंजुरी मिळावी, ही विनंती.’ दुसऱ्यात असे : ‘दुसऱ्या मजल्यावरील पूर्वेकडील सज्ज्याला, घरात तीन वर्षांचे मूल असल्याने, कठड्याच्या रेषेबाहेर न येणारी जाळी बसवावयाची आहे. संकटकाळी आतून उघडता येईल अशी झडप तीत राहील. नकाशा सोबत जोडला आहे. भिंतीस इजा झाल्यास ती स्वखर्चाने दुरुस्त करीन.’ पहिला अर्ज समितीच्या कृपेवर अवलंबून आहे. दुसऱ्याने समितीला विचारार्थ प्रश्न दिले आहेत : मापाचा, सुरक्षिततेचा, जबाबदारीचा. त्याला नकार द्यावयाचा तर कारण शोधावे लागेल. झडपेचा उल्लेखही किरकोळ समजू नये. चोरापासून रक्षण करणारी पक्की जाळी आगीच्या वेळी घरातल्यांचीच वाट अडवते.

समितीच्या भाषेतही हाच भेद दिसतो. ‘अर्ज नामंजूर करण्यात आला’ या कर्मणी रचनेत नामंजूर करणारा कोण आणि का, हे दोन्ही लपते. गेल्या वर्षी एकाला दिलेली परवानगी यंदा दुसऱ्याला नाकारली, आणि कारण नोंदवलेले नाही, तर सभासद ते पक्षपात म्हणूनच वाचणार. वाद वाढल्यास अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाकडे जाता येते; तेथे समितीच्या मनातले कारण चालत नाही, ठरावातले चालते. म्हणूनच काही संस्था जाळीचा नमुना, पत्र्याची रुंदी, रंगाची छटा सर्वसाधारण सभेत एकदाच ठरवून ठेवतात, ही पद्धत अधिक शहाणपणाची आहे. मग समितीला प्रत्येक अर्जावर रुचीचा निवाडा करावा लागत नाही. अर्ज नमुन्याशी जुळतो की नाही एवढेच पाहावे लागते.

परवानगीपत्रात एक वाक्य बहुधा राहून जाते. काही वर्षांनी बाहेरील भिंतींच्या दुरुस्तीसाठी परांची बांधली जाते, आणि तेव्हा सर्व जाळ्या व पत्रे उतरवावे लागतात. ते उतरवण्याचा आणि पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाचा, हे मूळ पत्रात नसेल तर काम तेथेच अडते. मधल्या काळात सदनिका विकली गेली असल्यास नव्या सभासदाकडे ते पत्रही नसते. अशा वेळी सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत तो ठराव अटींसह उतरवलेला असेल, तरच त्याला काय मान्य झाले होते हे दाखवता येते.