नव्या औषधांची चाचणी : सही करण्याआधी काय विचाराल?

“आपल्यावर प्रयोग तर करत नाहीत ना?” घरात कुणाला रक्ताचा कर्करोग झाला आणि डॉक्टरांनी ‘ट्रायल’ हा शब्द काढला, की पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न चुकीचा नाही. तो विचारलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर भीतीतून नको, माहितीतून हवे. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

आजार काय आहे?

आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, तयार होते. तीव्र ल्युकेमियात तिथे कच्च्या, निकामी पांढऱ्या पेशी भराभर वाढतात आणि चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही. मग अंग पांढरे पडते, दम लागतो, ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येते, मार न लागता काळेनिळे डाग उठतात. ही लक्षणे दिसली तर ताकदीच्या बाटल्या आणि इंजेक्शनांत आठवडे घालवू नका. आधी सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी करून घ्या. हा आजार दिवसांच्या हिशोबाने वाढतो.

एक औषध का पुरत नाही?

टीबीचा इलाज वस्तीत कुणी ना कुणी पाहिलेला असतो. त्यात सुरुवातीला चार औषधे एकत्र देतात. एकच दिले तर काही जंतू वाचतात आणि पुन्हा वाढतात. ल्युकेमियाचेही तसेच आहे. १९४७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी आजारी मुलांना अमिनोप्टेरिन हे एकच औषध दिले. १६ पैकी १० मुलांना आराम पडला, पण तो टिकला नाही. १९६० नंतर अमेरिकेतल्या डॉ. फ्राय आणि डॉ. फ्रायराइक यांनी चार औषधे एकत्र देऊन पाहिली. तेव्हा त्यांच्यावर टीकाही झाली. पण त्याच वाटेने पुढे गेल्यामुळे आज श्रीमंत देशांत लिम्फोब्लास्टिक प्रकारच्या ल्युकेमियाची १० पैकी सुमारे ९ मुले वाचतात.

मोठ्यांमधला मायलॉइड प्रकार, म्हणजे एएमएल, जास्त चिवट आहे. त्यावर सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन ही पद्धत १९७० च्या दशकापासून चालू आहे. ही केमो कडक असते. म्हाताऱ्या किंवा अशक्त रुग्णाला ती झेपत नाही.

अशा रुग्णांसाठी एक नवी जोडी तपासली गेली. अझासिटिडिनच्या इंजेक्शनांना व्हेनेटोक्लॅक्स या गोळीची जोड दिली. कर्करोगाच्या पेशीला मरू न देणारे एक प्रथिन असते, ते ही गोळी अडवते. चाचणीत ४३१ रुग्ण होते. अझासिटिडिन सगळ्यांनाच मिळाले. त्यासोबत काहींना व्हेनेटोक्लॅक्स, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. कुणालाही उपचाराविना ठेवले नाही. निकाल २०२० मध्ये आला. जोडी घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १४.७ महिन्यांहून जास्त जगले. एकट्या अझासिटिडिनवर हाच आकडा ९.६ महिने होता. आजार आटोक्यात आला तो जोडीवर १०० पैकी ६६ जणांचा, एकट्या औषधावर २८ जणांचा. पण किंमतही मोजावी लागली. पांढऱ्या पेशी घसरून ताप येण्याचे प्रमाण १०० मागे १९ वरून ४२ वर गेले.

हा पूर्ण बरा होण्याचा इलाज नव्हे, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. पण म्हाताऱ्या आईसोबत आणखी पाच महिने मिळणे म्हणजे काय, हे त्या घरालाच कळते.

दोन चांगली, तर तीन आणखी चांगली?

तसे नसते. याच जोडीला मॅग्रोलिमॅब हे तिसरे औषध जोडून मोठी चाचणी सुरू झाली होती. फायदा दिसला नाही, उलट मृत्यूचा धोका वाढलेला दिसला, म्हणून २०२४ मध्ये ती थांबवली. नवे म्हणजे चांगलेच, असे कुणी सांगितले तर ही गोष्ट आठवा. चाचणी घ्यावी लागते ती यासाठीच. पहिल्या टप्प्यात थोड्या रुग्णांवर किती डोस झेपतो ते पाहतात. दुसऱ्यात गुण येतो का ते पाहतात. तिसऱ्यात चालू उपचाराशी तुलना करतात. टप्पा कोणता आहे यावर धोका आणि आशा दोन्ही ठरतात.

कायदा तुमच्या बाजूने काय सांगतो?

आपल्या देशात २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम लागू आहेत. नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय चाचणी करता येत नाही. माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता येत नसेल तर संमतीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर लागतो. अगदी नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल परिस्थितीतला रुग्ण असेल, तर संमतीचे व्हिडिओ रेकॉर्डिंग करावे लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, मृत्यू झाला तर वारसाला भरपाई, अशी तरतूद आहे. रुग्ण कधीही बाहेर पडू शकतो, आणि त्यासाठी त्याचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. प्रत्येक चाचणीची नोंद ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत असावी लागते. शिकलेल्या मुलामुलींनी ती मोबाइलवर उघडून पाहावी, पैसे लागत नाहीत.

सही करण्याआधी हे विचारा :

– चाचणीचा टप्पा कोणता? सीटीआरआय क्रमांक काय?
– चाचणीत गेलो नाही तर कोणता उपचार मिळेल?
– औषध, तपासण्या, रक्त, प्लेटलेट आणि येण्याजाण्याचा खर्च कोण करणार?
– चाचणी संपल्यावर गुण येत असेल तर औषध पुढे मिळेल का?
– रात्री ताप आला तर फोन कुणाला करायचा?

संमतीपत्र घरी न्या. शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न विचारा. सही केल्यावर त्याची एक प्रत मागून घ्या आणि रेशनकार्डाजवळ जपून ठेवा. डॉक्टरांसमोर प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे.