संप, जो मागे घेतलाच गेला नाही

वसई-विरार, नालासोपाऱ्यातील अनेक घरांचे मूळ मुंबईच्या गिरण्यांत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मागण्या पगारवाढीच्या आणि बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या. पण १९४६ च्या कायद्याने बोलणी करण्याचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेला. कामगार एकीकडे, कायदा दुसरीकडे!

मदनपुऱ्यातील मोमीन विणकर पिढ्यान्‌पिढ्या गिरण्यांच्या साळखात्यात होते. त्यांचा पगार बंद झाला, आणि मालक मात्र भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेऊ लागले. त्या मागांवरही पुष्कळसे आपल्याच बिरादरीचे लोक. एका भावाची चूल विझत असताना दुसऱ्याला जादा काम मिळाले. त्याला तरी दोष कसा द्यावा? बारा तासांची पाळी, ना हजेरीपत्रक, ना फंड. माग मालकांतही मुसलमान कमी नव्हते, घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची पैगंबर मुहम्मद (स.) यांची ताकीद त्यांना ठाऊक होती.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारोंना पुन्हा कामावर घेतले नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, आणि मुले-सुना स्वस्त खोल्यांसाठी विरारच्या गाडीत बसल्या.

१ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांसाठी, आणि ते हयात नसल्यास वारसांसाठी, म्हाडाची घरांची योजना आहे. तेव्हा अब्बांच्या पेटीतले गिरणीचे ओळखपत्र, पगारचिठ्ठी, फंडाचा कागद रद्दीत घालू नका.