सृष्टीचे घर समजून घेताना: परिसंस्थांचा अभ्यास कसा घडला आणि तो कसा करावा

राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव घाना राष्ट्रीय उद्यान पाणपक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात आसपासच्या गावांतील म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरत असत. चराईमुळे पक्ष्यांच्या वसतिस्थानाची हानी होते, अशी त्या काळच्या अनेक निसर्गप्रेमींची प्रामाणिक समजूत होती. त्यानुसार नोव्हेंबर १९८२ मध्ये तेथील चराईवर बंदी घालण्यात आली. ग्रामस्थांनी विरोध केला, संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही ग्रामस्थांना प्राण गमवावे लागले.

त्याच काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली संस्था तेथे दीर्घकालीन अभ्यास करीत होती. १९८० ते १९९० अशी दहा वर्षे पाणी, वनस्पती, मासे आणि पक्षी यांच्या नोंदी ठेवल्यानंतर संशोधकांच्या हाती जे आले, ते अपेक्षेच्या उलट होते. म्हशी पाण्यातील गवत खाऊन उथळ पाणी मोकळे ठेवीत होत्या. त्या गेल्यावर पास्पालम जातीचे गवत माजले, उघडे पाणी आक्रसत गेले आणि ज्या पाणपक्ष्यांसाठी बंदी घातली होती, त्यांतील अनेकांनाच ती जाचक ठरली. ज्या जनावराला पक्ष्यांचा शत्रू मानले गेले होते, ते त्या पाणथळीच्या व्यवस्थेतील एक उपयुक्त घटक निघाले.

हेतू शुद्ध होता, पण ज्ञान अपुरे होते आणि त्याची किंमत माणसांनी व पक्ष्यांनीही मोजली. पर्यावरणाविषयी आज आपण सर्वच आस्थेने बोलतो. मात्र आस्थेला ज्ञानाची जोड मिळाली नाही, तर चांगली माणसेसुद्धा सृष्टीचे नुकसान करू शकतात. म्हणूनच निसर्गाचा अभ्यास करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत कशी विकसित झाली आणि त्यातून आपण काय शिकावे, हे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल.

शब्दाचा जन्म

निसर्गाचे निरीक्षण मानव आदिकालापासून करीत आला आहे. शेतकरी, मच्छीमार आणि आदिवासी यांचे जीवनच त्यावर अवलंबून होते. परंतु सजीव आणि त्यांचा परिसर यांतील संबंधांचा अभ्यास हे स्वतंत्र शास्त्र मानले गेले ते एकोणिसाव्या शतकात. जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांनी १८०२ साली दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर चढाई करताना, उंचीनुसार वनस्पती कशा बदलत जातात याची नोंद केली. वनस्पतींचे वितरण आणि हवामान यांत नियमबद्ध नाते आहे, हे त्यांनी जगापुढे ठेवले. पुढे १८६६ साली एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतील ‘ओइकोस’ म्हणजे घर या शब्दावरून या शास्त्राला ‘इकॉलॉजी’ असे नाव दिले. मराठीत आपण त्याला परिस्थितिकी म्हणतो. मुळातील अर्थ लक्षात घेतला तर हे घराचे शास्त्र आहे: घरात कोण राहते, कोण कोणावर अवलंबून आहे आणि घराचा कारभार कसा चालतो, याचा शोध.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी एक वाद गाजला. अमेरिकेतील फ्रेडरिक क्लेमेंट्स यांच्या मते वनस्पतींचा समूह हा एखाद्या जिवंत देहासारखा असतो. तो जन्मतो, वाढतो आणि ठरावीक पक्वावस्थेला पोहोचतो. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ साली याला विरोध केला. प्रत्येक जाती आपापल्या गरजेनुसार वाढते, समूह हा बऱ्याच अंशी योगायोगाने जमलेला असतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९३५ साली ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी या वादाला वेगळे वळण दिले. सजीवांना माती, पाणी, हवा आणि ऊन यांपासून वेगळे काढून त्यांचा विचार करताच येणार नाही, हे सर्व मिळून एक व्यवस्था बनते, असे प्रतिपादन करून त्यांनी ‘इकोसिस्टिम’ म्हणजेच परिसंस्था ही संकल्पना मांडली.

वर्णनाकडून मोजमापाकडे

संकल्पना मिळाली, पण ती तपासायची कशी? याचे उत्तर एका तरुणाने दिले. रेमंड लिंडेमन या अमेरिकन संशोधकाने मिनेसोटा राज्यातील सीडर बॉग लेक या लहानशा तळ्याचा पाच वर्षे अभ्यास केला. सूर्याची ऊर्जा प्रथम वनस्पतींत साठते, त्यांना खाणाऱ्या जीवांकडे जाते, मग त्यांना खाणाऱ्यांकडे जाते आणि प्रत्येक पायरीवर तिचा मोठा भाग खर्ची पडतो, हे त्याने आकडेवारीनिशी मांडले. त्याचा निबंध परीक्षकांनी आरंभी नाकारला होता. अखेर १९४२ साली तो प्रसिद्ध झाला, तेव्हा लिंडेमन हयात नव्हता. वयाची सत्तावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच आजाराने त्याचे निधन झाले होते. तळ्यात मोठे मासे नेहमी थोडे आणि लहान जीव पुष्कळ का असतात, हे आज शाळकरी मुलालाही समजावून सांगता येते, त्यामागे या तरुणाचे श्रम आहेत.

यानंतर संशोधक निसर्गात प्रत्यक्ष प्रयोग करू लागले. रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील खडकाळ किनाऱ्याच्या एका पट्ट्यातून तारामासे नियमितपणे काढून टाकले आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासा हा तेथील शिकारी जीव. तो गेल्यावर इतर जीवांना सुख लाभेल असे वरवर वाटेल. घडले उलटेच. ‘मसल’ जातीच्या शिंपल्यांनी सारा खडक व्यापला आणि जेथे पंधरा जाती नांदत होत्या, तेथे आठच उरल्या. आपल्या जुन्या चर्चमधील दगडी कमानी आपण पाहिल्या आहेत. कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड काढला, तर बाकीचे ढासळतात. तारामाशाचे स्थान तसेच होते, म्हणून पेन यांनी १९६९ साली अशा जातींना त्या दगडाचेच नाव दिले.

हबर्ड ब्रुक येथील जंगलातील अभ्यास त्याहून विशाल होता. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील या डोंगराळ भागात लहान लहान पाणलोट क्षेत्रे एकमेकांना लागून आहेत. बोरमन आणि लायकेन्स यांच्यासह काही संशोधकांनी १९६३ पासून तेथे किती पाऊस पडतो, ओढ्यातून किती पाणी बाहेर जाते आणि त्याबरोबर कोणती द्रव्ये वाहून जातात, याचा हिशेब ठेवण्यास सुरुवात केली. १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका संपूर्ण पाणलोटातील झाडे तोडण्यात आली आणि पुढे काही वर्षे नवी वाढही रोखण्यात आली. शेजारच्या अखंड जंगलाशी तुलना करता दिसले की, ओढ्याचे पाणी वाढलेच, शिवाय जमिनीचा कस टिकविणारे नायट्रेट चाळीस पटींहून अधिक वेगाने वाहून जात होते. याच नोंदींमधून पावसाच्या पाण्यातील अनपेक्षित आम्लता उघड झाली. कारखान्यांच्या व वीजकेंद्रांच्या धुरामुळे होणाऱ्या आम्लवर्षेचा प्रश्न उत्तर अमेरिकेत ऐरणीवर येण्यास या नोंदींचा मोठा हातभार लागला.

कॅनडातील डेव्हिड शिंडलर यांचा प्रयोग तर सामान्य माणसालाही एका दृष्टिक्षेपात पटला. तळी हिरवी आणि दुर्गंधीयुक्त होण्यास डिटर्जंटमधील फॉस्फेट कारणीभूत आहे काय, यावर वाद चालू होता. १९७३ साली त्यांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले. एका भागात त्यासोबत फॉस्फरसही घातला. फॉस्फरस असलेला भाग काही आठवड्यांतच शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा मात्र नितळ राहिला. विमानातून घेतलेल्या एका छायाचित्राने वर्षांचा वाद निकालात काढण्यास मोठी मदत केली.

आपल्या देशातील परंपरा

भारतातही या शास्त्राची परंपरा समृद्ध आहे. येशूसंघीय धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ यांनी पश्चिम भारतातील वनस्पतींचा संग्रह व अभ्यास करण्यासाठी आयुष्य वेचले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम हा वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह त्यांच्या कार्याची साक्ष देतो. कोणती वनस्पती कोणत्या वर्षी कोठे होती, हे अशा संग्रहातूनच कळते. त्यावाचून आज काय नाहीसे झाले, हेही सांगता येत नाही. बनारस हिंदू विद्यापीठात रामदेव मिश्र यांनी या विषयाच्या अध्यापनाचा पाया घातला. मूळचे पुण्याचे माधव गाडगीळ यांनी १९८३ साली बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत परिस्थितिकीचे केंद्र उभारले. त्या केंद्राने तामिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात १९८८ साली ५० हेक्टरचा भूखंड आखून घेतला आणि त्यातील बोटभर जाडीच्या रोपापासून प्रत्येक झाडाची पुनःपुन्हा मोजणी सुरू केली.

अभ्यासाची शिस्त

या सर्व उदाहरणांतून परिणामकारक अभ्यासाची काही सूत्रे हाती येतात. आपल्या परिचयाचे एक ठिकाण घेऊन ती पाहू या. वसईतील वाड्यांमध्ये पूर्वजांनी बावखले राखली. पावसाचे पाणी त्यांत साठे, भोवतालच्या विहिरींना झिरपे आणि बागायतीला उपयोगी पडे. अनेक बावखले आज बुजली आहेत. काही शिल्लक आहेत. अशा एका बावखलाचा अभ्यास धर्मग्रामातील तरुणांनी करावयाचे ठरविले, तर तो कसा करावा?

पहिले सूत्र म्हणजे सीमा आणि प्रश्न निश्चित करणे. ‘पर्यावरणाचा अभ्यास’ हा प्रश्न होऊ शकत नाही. ‘या बावखलातील पाणी मे महिन्यापर्यंत किती खाली जाते आणि शेजारच्या विहिरीची पातळी त्याबरोबर बदलते काय?’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर मोजून देता येते.

दुसरे सूत्र नियमितपणाचे. त्याच जागी, त्याच पद्धतीने, ठरलेल्या दिवशी नोंद करावी. एका खुणेच्या काठीने पाण्याची पातळी मोजावी, अर्धा तास एका जागी बसून पक्षी मोजावेत, तारीख व वेळ लिहावी. काहीही न दिसल्यास तेही लिहावे. शून्य हीसुद्धा नोंद आहे.

तिसरे सूत्र तुलनेचे. पेन यांच्याकडे न छेडलेला पट्टा होता, हबर्ड ब्रुकमध्ये न तोडलेले जंगल होते. एकाच बावखलाकडे पाहून पाणी कमी होण्याचे कारण सांगता येणार नाही. कदाचित त्या वर्षी पाऊसच कमी पडला असेल. सांडपाणी येणारे एक आणि न येणारे एक, अशी दोन बावखले एकाच वेळी पाहिली, तर अनुमानाला बळकटी येते. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असे मानण्याची घाई करू नये.

चौथे सूत्र दीर्घ प्रतीक्षेचे. सह्याद्रीतील कारवी साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. दोन-तीन वर्षे डोंगर पाहून परतणारा अभ्यासक ‘ही वनस्पती फुलत नाही’ असे लिहून मोकळा होईल. इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथे गवताच्या कुरणावरील एक प्रयोग १८५६ पासून पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आरंभ करणाऱ्यांना त्याची सर्व फळे पाहता येणार नव्हती, तरीही त्यांनी आरंभ केला.

पाचवे सूत्र भरतपूरने शिकविले आहे. जे लोक त्या जागेवर जगतात, त्यांना विचारावे. बावखलात पूर्वी कोणते मासे होते, पाणी कोणत्या वर्षी आटले होते, गाळ कधी उपसत असत, हे वाडीतील आजी-आजोबांना ठाऊक असते. त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे आणि नोंदींशी ताडून पाहावे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक पातळीवर लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद आहे. अशा नोंदी तेथे निश्चितच उपयोगी पडतील.

आज उपग्रहांची छायाचित्रे, स्वयंचलित कॅमेरे आणि पाण्याच्या नमुन्यातील डीएनएवरून जीव ओळखण्याचे तंत्र उपलब्ध आहे. या साधनांनी दृष्टीचा पल्ला वाढविला. परंतु प्रश्न नेमका विचारण्याचे, तुलना करण्याचे आणि वाट पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते.

राखणदाराचे कर्तव्य

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात, परिसंस्था कशा चालतात हे अधिक पूर्णपणे समजण्यासाठी संशोधनावर अधिक गुंतवणूक व्हावी, असे स्पष्टपणे म्हटले आहे. विश्वपत्रातील सृष्टिप्रेम सर्वांच्या लक्षात राहिले; अभ्यासाची ही मागणी मात्र काहीशी दुर्लक्षित राहिली. उत्पत्तीच्या पुस्तकात मानवावर बागेची मशागत आणि राखण अशी दोन कामे सोपविलेली आहेत. बागेत काय आहे हेच ज्याला माहीत नाही, तो राखण कशाची करणार?

भरतपूरचा धडा कठोर आहे. तेथे कोणीही वाईट चिंतिले नव्हते. फक्त निर्णय आधी झाला आणि उत्तर काही वर्षांनी आले. आपल्या परिसरात एखादे तळे सुशोभित करण्याचा, काठावर सिमेंट घालण्याचा किंवा एखादे झाड लावण्याचा वा तोडण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा ‘याविषयी आपल्याकडे किती वर्षांच्या नोंदी आहेत?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा. नोंदी नसतील, तर त्या सुरू करण्यास यंदाचा पावसाळा उत्तम मुहूर्त आहे. त्यासाठी एक वही, एक खुणेची काठी आणि दर रविवारी मिसा संपल्यानंतरचा अर्धा तास पुरेसा आहे.