घसरलेल्या वाघिणीखालची जमीन

कुंडलकरांचं रेल्वे स्टेशन म्हणजे किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये इथल्या माळावर कारखाना आणला तेव्हा या स्टेशनचं नाव 'कुंडल रोड' होतं. पुणे-मिरज मार्ग कित्येक दशकं एकेरी होता, आणि एकेरी मार्गाचं मर्म कुंडलच्या माणसांनी फार पूर्वी ओळखलं होतं. 7 जून 1943 रोजी याच मार्गावर शेणोलीजवळ इंग्रजांशी लढणाऱ्या तुफान सेनेनं रेल्वेची पगाराची गाडी लुटली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या या तुकडीनं रुळांवर दगड रचून गाडी थांबवली आणि लगेच शेवटच्या डब्यामागेही दगड रचले. गाडी पुढे जाईना, मागेही सरेना.

एकेरी मार्गावर घसरलेली वाघीणही नेमकं हेच करते. शेजारून जायला दुसरा रूळ नसतो, आणि मदतीची गाडीही अडलेल्या गाडीच्या एका टोकापर्यंतच पोहोचते. तिथं 140 टनी क्रेन आणली तरी मधल्या वाघिणीपर्यंत तिचा हात पुरत नाही. हा हात जितका लांब करावा, तितकी क्रेनची उचलण्याची ताकद झपाट्यानं घटते. म्हणून अशा ठिकाणी खरा भरवसा जॅकवर.

चाक घसरतं ते कसं? चाकाच्या आतल्या कडेला जी उभी कडा असते, ती नवी असताना जेमतेम 28 मिलिमीटर उंच असते. एवढीच कडा गाडीला रुळावर धरून ठेवते. वळणावर बाजूचा रेटा वाढला किंवा रूळ खचून चाकावरचा भार हलका झाला, की ती रुळावर चढते आणि पलीकडे उतरते. रुळाच्या माथ्यावर तिचा ओरखडा उमटतो. त्यामुळे वाघिणीला हात लावण्याआधी हा ओरखडा, रुळांमधलं अंतर, चाकांची झीज या सगळ्याची मापं घेऊन नोंद होते. मार्ग मोकळा करण्याची कितीही घाई असली तरी ही मोजणी टाळू नये, कारण एकदा वाघीण उचलली की अपघाताचं कारण सांगणारा पुरावा पुसला जातो.

मग उचलण्याचं काम. भरलेली मालवाघीण सुमारे 81 टनांची. एक टोक उचलायचं म्हणजे 40 टन, दोन जॅकमध्ये वाटले तर प्रत्येकी 20. एवढं बळ मिळवणं अवघड नाही. पास्कलच्या नियमानुसार तेलावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो. दर चौरस सेंटीमीटरला 300 किलो दाब आणि 200 चौरस सेंटीमीटरचा दट्ट्या असला, तर 60 टन उचलले जातात.

अवघड असतं ते खाली. जॅकचा तळ 20 सेंटीमीटर लांब-रुंद धरला, तर 20 टनांचा दाब दर चौरस सेंटीमीटरला 50 किलो पडतो. कृष्णाकाठची काळी माती पावसात भिजली की जेमतेम 1 किलो पेलते. उसाची भरलेली ट्रॉली पाणंदीत रुतते तसाच जॅक वाघिणीला उचलण्याऐवजी स्वतः जमिनीत जातो. उपाय एकच: भार पसरवणं. 20 टनांना 2 चौरस मीटर जागा हवी. जुना लाकडी स्लीपर पावणेतीन मीटर लांब, 25 सेंटीमीटर रुंद. तीन शेजारी शेजारी ठेवले की हिशेब बसतो. वर आडवा थर, मग त्यावर जॅक. मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती ही लाकडं रचणाऱ्याची नजर.

उचलण्याआधी बोगी, म्हणजे चाकांचा सांगाडा, साखळ्यांनी वाघिणीला बांधतात, नाहीतर वाघीण वर येते आणि बोगी खालीच राहते. न घसरलेल्या चाकांना पाचर लावतात. चाक रुळापेक्षा उंच झालं की आडव्या तुळईवरून वाघीण हळूहळू सरकवायची आणि अलगद खाली सोडायची.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात हेच काम एके काळी हलकं होतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली बार्शी लाइट रेल्वे 1927 मध्ये पंढरपूरकडून मिरजेला पोहोचली. रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, आणि प्रत्येक आसावर सुमारे 5 टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही हा कॅलथ्रॉप यांचा दंडक. म्हणजे चार आसांच्या भरलेल्या वाघिणीचं एक टोक फार तर 10 टनांचं, आजच्या भाराचा चौथा हिस्सा.

आता मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत. त्यांत 25 हजार व्होल्टचा प्रवाह असतो आणि तो बंद झाल्याशिवाय वाघिणीवर कुणी चढायचं नसतं. गावाजवळ गाडी घसरली की मदतीला धावणारे आपणच असतो, आणि जखमींना बाहेर काढण्यात गावकऱ्यांचे हात लाखमोलाचे ठरतात. पण लोंबत्या तारेपासून दूर राहा, आणि जॅकवर तोललेल्या वाघिणीखाली किंवा ताणलेल्या दोरांजवळ, मोबाइलवर चित्रीकरण करायलाही, जाऊ नका.